मॅन्युअल सुधारू की सॉफ्टवेअर?

भाऊ, तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तू वणीकडचा, कृषी केंद्रांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवलंस, ११ दुकानांत बसवलंस, सोबत १८० पानांचं मॅन्युअल दिलंस, स्क्रीनशॉटसकट, स्पायरल बाइंडिंग करून. तरी दिवसाला २५-३० फोन येतात आणि प्रत्येक फोनचं उत्तर त्या मॅन्युअलमध्ये असतंच असतं. आता तू विचारतोस की मॅन्युअल अजून सोपं करू, व्हिडिओ काढू, का सॉफ्टवेअरच इंट्युटिव्ह, म्हणजे न शिकवता वापरता येईल असं, करू, आणि ते इंट्युटिव्ह करायचं म्हणजे नेमकं करायचं काय.

सॉफ्टवेअर सुधार. पण मॅन्युअल फेकू नको, कारण काय काय सुधारायचं त्याची यादी तूच स्वतःच्या हातानं त्यात लिहून ठेवली आहेस. कसं ते सांगतो, जरा लांबेल, चहा घेऊन बस.

मी २००३ पासून दारव्हा-दिग्रस-पुसद पट्ट्यात जिनिंग (कापसातून सरकी काढायचे कारखाने), आडत, कृषी केंद्रं आणि दोन-चार पतसंस्था यांची सॉफ्टवेअर लिहितो. सुरुवात फॉक्सप्रोतून, काळ्या-निळ्या स्क्रीनवर. पहिलं मॅन्युअल २००४ ला एका जिनिंगसाठी लिहिलं, ९६ पानं, यवतमाळला डीटीपी करून आणलं, कव्हरवर कापसाच्या बोंडाचा फोटो, मला वाटलं काय काम केलं आपण! पुढच्या सीझनला तिथल्या वजनकाट्यावर गेलो तर मॅन्युअल टेबलावरच होतं आणि चांगलं वापरून वापरून मळलेलं होतं. मला भरून आलं. उघडून पाहिलं तर पानं एका बाजूनं छापलेली असल्यामुळे मागच्या कोऱ्या बाजूवर गाड्यांचे नंबर आणि वजनं लिहिलेली. लाईन गेली की दिवाणजी मॅन्युअलच्या पाठीवर वजनं लिहायचे आणि लाईन आली की कॉम्प्युटरमध्ये चढवायचे. मी विचारलं, दिवाणजी, पुढची बाजू वाचली का कधी? तर म्हणे, "वाचतच बसलो त गाड्या कोन मोजन बाप्पा?"

त्या एका वाक्यात बरंच काही आहे पण मला ते कळायला सात-आठ वर्षं लागली. तेव्हा मी फक्त चिडलो, आज तू चिडतोस तसाच, की लोक वाचतच नाहीत. अरे ते आळशी नाहीत रे. मिरगाचा पाऊस पडला की कृषी केंद्रावर सकाळी सातपासून काउंटरला माणसं चिकटलेली असतात, एकाला बियाणं पाहिजे, दुसऱ्याला उधारीवर डीएपी खत, तिसरा म्हणतो माझ्या कालच्या बिलात गडबड आहे, आणि कॉम्प्युटरवर बसलेला पोरगा बारावी झालेला, दोन महिन्यांसाठी ठेवलेला, पुढच्या जूनला तो नसतो, दुसराच असतो. त्या पोरानं पान ११४ उघडायचं कधी? आणि समजा या वर्षीच्यानं सगळं वाचलं तरी पुढच्या वर्षी तू परत शून्यावर. तुझे ३० फोन येतात ते दरवर्षी नव्यानं येतात, हे एकदा रजिस्टरमध्ये लिहून बघ.

आणि हे काही फक्त आपल्याकडचं नाही. १९८० च्या दशकात आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरल नावाच्या माणसानं ऑफिसमधल्या लोकांना वर्ड प्रोसेसर शिकताना बसून पाहिलं होतं. अमेरिकेतली शिकलेली माणसं, वेळ दिलेला, मॅन्युअल हातात दिलेलं, तरी ती पानं ओलांडून थेट कामाला लागायची, अडकायची, मग भलतंच पान उघडायची. कॅरलनं त्यांना दोष दिला नाही. त्यानं जाड पुस्तक काढून सुटी कार्डं दिली, एका कामाला एक कार्ड, आणि चुकलात तर परत कसं यायचं तेही त्यावर. लोक लवकर शिकले. म्हणजे कामाला आलेला माणूस कामच करणार, हे आधी मान्य कर आणि मग पुढचं.

आता मॅन्युअलमध्येच सुधारणांची यादी कशी ते. तुझी १८० पानं काढ आणि लाल पेन घेऊन जिथे जिथे "कृपया लक्षात ठेवा", "काळजी घ्या", "अचूक भरा", "असे करू नये", "आधी हे करूनच मग ते करा" असं लिहिलं असेल तिथे गोल कर. यातली बरीचशी वाक्यं म्हणजे तुला स्क्रीनमध्ये जे करायचा कंटाळा आला ते तू कागदावर ढकललंस. रागावू नको, मीही तेच केलं, म्हणून ओळखतो.

माझंच उदाहरण देतो. त्या जिनिंगच्या मॅन्युअलमध्ये पान ३१ वर मी ठळक अक्षरात लिहिलं होतं की वजन वाचताना दशांश चिन्हानंतरचे आकडे काळजीपूर्वक वाचावेत. का लिहिलं होतं? तर सॉफ्टवेअर शेवटचं शून्य गाळायचं. बारा क्विंटल पन्नास किलो असेल तर स्क्रीनवर आणि पावतीवर १२.५ यायचं. आता प्रोग्रामरच्या डोक्यात १२.५ म्हणजे साडेबारा. पण काट्यावर कोणी साडेबारा म्हणत नाही, तिथे "बारा क्विंटल पन्नास" म्हणतात, म्हणजे टिंबाच्या अलीकडे क्विंटल आणि पलीकडे किलो. तर १२.५ बघून हमालानं मोठ्यानं वाचलं "बारा क्विंटल पाच", दिवाणजीनं वहीत लिहिलं १२.०५, आणि कास्तकाराचे ४५ किलो गेले. २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता, त्या हिशोबानं ४५ किलोचे ३,३८४ रुपये होतात, एका टिंबामागच्या शून्याचे. कास्तकार दुसऱ्या दिवशी आला, भांडण झालं, आणि शेठजीनं मला फोन केला तर मी काय म्हणावं? मी म्हटलं, पान ३१ वर लिहिलंय न! आजही आठवलं की कानकोंडं होतं.

दुरुस्ती काय होती? दोन खाने. एकात क्विंटल, एकात किलो, आणि पावतीवर "१२ क्वि. ५० कि." असं छापायचं. एका दुपारचं काम. पान ३१ गेलं, परत कधी त्यावर भांडण नाही. म्हणून म्हणतो, प्रत्येक गोल केलेल्या वाक्याला विचार की हे वाक्य लिहायची गरज का पडली, आणि ती गरजच मारून टाक.

तुझ्या कृषी केंद्रातलं उदाहरण घे. बियाण्याच्या बिलावर लॉट नंबर, म्हणजे बियाणं कोणत्या खेपेतलं त्याचा नंबर, आलाच पाहिजे, उद्या उगवण झाली नाही तर तक्रारीला बिल, पिशवी आणि टॅग लागतात आणि लॉट जुळला पाहिजे. मी पैज लावतो तुझ्या मॅन्युअलमध्ये "लॉट क्रमांक पिशवीवरून पाहून अचूक टाकावा, हा रकाना अनिवार्य आहे" असं आहे. आणि तुझ्या डेटाबेसमध्ये जाऊन बघ, लॉटच्या जागी १, ०, टिंब, नाहीतर कीबोर्डवर बोट फिरवलेलं काहीतरी असेल. समोर चाळीस माणसं उभी असताना बारा-चौदा अक्षरांचा लॉट नंबर कोणी टाइप करत नाही. तू रकाना अनिवार्य केलास म्हणून खरा नंबर येत नाही, फक्त रकाना भरला जातो, आणि खोटी माहिती कोऱ्या रकान्यापेक्षा वाईट कारण ती खरी दिसते. मी काय केलं, माल येतो तेव्हा लॉट एकदाच चढवायचा, तेव्हा गर्दी नसते आणि मालक स्वतः बसलेला असतो. विकताना वाण निवडला की खाली लॉट दिसतात, कोणत्या लॉटची किती पाकिटं उरली त्यासकट, पोरगा पाकिटाचे शेवटचे तीन आकडे बघतो आणि त्यावर बोट ठेवतो. टाइप करणं बंद. एकच लॉट उरला असेल तर तो आपोआप येतो. वाचून आठवण्यापेक्षा समोर बघून ओळखणं सोपं, बस एवढंच आहे यात.

आता "इंट्युटिव्ह" या शब्दाकडे येतो कारण त्यानं लय पोरं बिघडवली आहेत. इंट्युटिव्ह म्हटलं की तुम्ही लोक गुळगुळीत आयकॉन, कोपऱ्यात तीन आडव्या रेघा, भरपूर पांढरी जागा, हे करता. ते इंट्युटिव्ह तुला, कारण तू दिवसभर मोबाईलमध्ये असतोस. जेफ रस्किन नावाचा माणूस होता, १९७८ मध्ये ॲपलमध्ये मॅन्युअल लिहिण्याच्या विभागाचा प्रमुख म्हणून आला आणि १९७९ मध्ये त्यानंच मॅकिंटॉशचा प्रोजेक्ट सुरू केला. म्हणजे बघ, मॅन्युअल लिहिणाराच! त्यानं पुढे १९९४ मध्ये एका लेखात साफ लिहिलं की आपण ज्याला इंट्युटिव्ह म्हणतो ते दुसरं काही नसून ओळखीचं असतं. हाताला, डोळ्याला आधीपासून माहीत असलेलं.

हे वाचलं तेव्हा मला माझी २०१४ ची फजिती कळली. मी जुनं सॉफ्टवेअर ब्राउजरमध्ये आणलं, दिसायला एकदम चकाचक, आणि पहिल्याच आठवड्यात अर्धवट बिलं सेव्ह व्हायला लागली. नाव आणि गाव टाकलं की बिल सेव्ह, माल नाही, रक्कम नाही. कारण? आपल्याकडचे जे जे हिशोबाला बसतात त्यांचे हात टॅलीवर, म्हणजे त्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर, बसलेले. टॅलीत एंटर मारला की पुढच्या रकान्यात जातो. ब्राउजरच्या फॉर्ममध्ये एंटर मारला की फॉर्म जातो. मी मॅन्युअलमध्ये लिहिलं, "पुढील रकान्यात जाण्यासाठी टॅब कळ वापरावी." काय उपयोग? वीस वर्षांचा हात एका ओळीनं बदलतो का? शेवटी एंटरला पुढच्या रकान्यात पाठवलं, दोन तासांचं काम, फोन बंद. तुझ्या ३० फोनांपैकी किती एंटरचे आहेत ते बघच एकदा.

तसंच कीर्दीचं, म्हणजे रोजच्या जमा-खर्चाच्या वहीचं. मी पुस्तकातलं डेबिट-क्रेडिट डोक्यात ठेवून आधी नावे (डेबिट) आणि मग जमा (क्रेडिट) असे रकाने केले. पतसंस्थेतल्या काकाजींच्या कीर्दीत आयुष्यभर डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. ते स्क्रीनवरचं शीर्षक वाचतच नव्हते, हात जागा बघून चालायचा, त्यामुळे एन्ट्र्या उलट्या. मी त्यांना म्हटलं, काकाजी, वर लिहिलंय न. ते म्हणाले, "वर कायले पाहू, माह्या हाताले मालूम हाये जमा कोठी राह्यते." रकाने अदलाबदल केले आणि विषय संपला. इथे काट्यावरही तेच, कुठल्यातरी परदेशी नमुन्यावरून मी आधी रिकाम्या गाडीचं वजन आणि मग भरल्या गाडीचं असे रकाने ठेवले होते, अरे पण जिनिंगला कापूस घेऊन गाडी येते ती भरलेलीच येते न, रिकामी होऊन मग परत काट्यावर येते. काम ज्या क्रमानं होतं त्या क्रमानं स्क्रीन ठेव, अर्धं मॅन्युअल तिथेच जातं.

विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर बघ. हिरवं दाबलं चालू, लाल दाबलं बंद. सगळ्या कंपन्यांचा तसाच. नवा डबा बसवला तरी रात्री दोनच्या लाईनीत अंधारात हात बरोबर जागेवर जातो.

भाषेचं पण बोलू. तुझं सॉफ्टवेअर मराठीत आहे हे चांगलंच, पण कोणत्या मराठीत? "जतन करा", "प्रविष्टी अवैध आहे", "पडताळणी अयशस्वी". आपल्या दुकानात कोणी म्हणतं का, अरे ते बिल जतन कर? "सेव्ह मार" म्हणतात. मग बटणावर "सेव्ह" लिही न, देवनागरीत. "प्रविष्टी अवैध" ऐवजी "वजन टाकायचं राहिलं" लिही आणि कर्सर त्याच रकान्यात नेऊन ठेव. आणि सगळ्यात भारी चूक माझ्याकडून झालेली सांगतो, पावती कॅन्सल करायची असेल तर मी विचारायचो "पावती रद्द करायची का?" आणि खाली दोन बटणं, "ठीक आहे" आणि "रद्द करा". आता सांग, पावती रद्द करायची असेल तर कोणतं दाबायचं? मी दीड वर्ष हे चालवलं आणि मॅन्युअलमध्ये यावर अख्खा परिच्छेद होता! आता बटणं "हो, पावती रद्द" आणि "नको, राहू दे" अशी आहेत. परिच्छेद गेला. तसंही ते "खात्री आहे का?" वाले डबे कमीच ठेव, दिवसात पन्नासदा आले की माणूस न वाचता एंटर मारतो, त्यापेक्षा चूक झाल्यावर परत आणता येईल अशी सोय दे.

मोठं उदाहरण पाहायचं तर मतदानाचं मशीन बघ. १९८२ मध्ये केरळच्या परूर मतदारसंघात पहिल्यांदा वापरलं आणि २००४ पासून लोकसभेला सगळीकडे आलं. आपल्या गावातली अक्षर न ओळखणारी आजी ते वापरते, आणि तिनं आयुष्यात मॅन्युअल नावाची गोष्ट पाहिली नाही. नावासमोर चिन्ह, चिन्हासमोर निळं बटण, दाबलं की लाल दिवा आणि लांब बीप, आणि आता व्हीव्हीपॅटच्या काचेत ७ सेकंद चिठ्ठी दिसते. चुकायला जागाच नाही, दुसऱ्यांदा दाबलं तरी काही होत नाही. पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, त्याच खोलीत बसलेल्या केंद्राध्यक्षाच्या पिशवीत चांगली जाड हस्तपुस्तिका असते. आपले झेडपीचे मास्तर लोक त्याचं ट्रेनिंग घेतात, मॉक पोल, सील, मशीन बंद करणं, फॉर्म भरणं, सगळं. म्हणजे किचकटपणा नाहीसा झाला नाही, तो लाखो मतदारांकडून उचलून मोजक्या शिकलेल्या माणसांकडे दिला. तुला तेच करायचंय. काउंटरवरच्या जूनच्या पोराला शून्य पानं, मालकाला थोडी, आणि तुला स्वतःला वाटेल तेवढी.

म्हणून सगळ्यालाच "बघताक्षणी समजलं पाहिजे" असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. टॅली बघून कोणाला काही समजत नाही, लोक क्लास लावतात. पण एकदा बोटात बसलं की एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स, एफ९ परचेस, माणूस माऊसला हात न लावता उडतो. दिवाणजी वीस वर्षं बसणार असेल तर त्याचा वेग महत्त्वाचा, पोरगा दोन महिने असेल तर त्याची पहिली सकाळ महत्त्वाची. दोघांसाठी एकच स्क्रीन करायची तर बटण दिसू दे आणि बटणावरच बारीक अक्षरात त्याची कळ लिही, पोरगा बटण दाबेल, महिन्याभरात त्याचं बोट आपोआप कळेवर जाईल. आयकॉनच्या खाली शब्द लिहायला लाजू नको.

आता थोडं कडू. मॅन्युअल बऱ्याचदा वापरणाऱ्यासाठी नसतंच, देणाऱ्याच्या बचावासाठी असतं. "पान ३१ वर लिहिलंय न" हे मी शेठजीला म्हटलं ते त्यातलंच. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० पेक्षा जास्त माणसं गेली. त्याची कारणं बरीच आहेत, डोक्याएवढी वाढलेली पराटी (कापसाचं झाड), दमट हवा, दोन-तीन औषधं एकत्र करून मारणं, तोंडाला फडकंसुद्धा नसणं, मी त्यातला तज्ज्ञ नाही. पण बाटलीसोबतचं माहितीपत्रक तेव्हाही होतंच. घडी घातलेलं, बारीक अक्षर, पाच-सात भाषा, वाचायला भिंग लागेल. आणि बाटलीवर तो रंगाचा त्रिकोण, लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे सगळ्यात कमी विषारी. कमी विषारी, बिनविषारी नाही! पण ज्याला आयुष्यभर हिरवा म्हणजे चालू, हिरवा म्हणजे चांगलं असं शिकवलं त्याला तो हिरवा त्रिकोण काय सांगतो? माझ्या गावात मी किती जणांना विचारलं, बहुतेकांना हिरवा म्हणजे "पिकाले चांगलं" वाटतं. लिहिलं होतं, दिलं होतं, आणि तरी पोचलं नव्हतं. आपल्या बिलाच्या चुकीनं कोणी मरत नाही, पण लिहून दिलं म्हणजे सांगितलं हा समज तोच आहे.

याच्या उलट यूपीआय. २०१६ मध्ये आलं, आज आपल्याकडे भाजीवाल्या मावशीकडे पण कोड लावलेला असतो, कोणी पुस्तिका वाचली नाही. पण त्यातही एक गोष्ट ओळखीची नव्हती म्हणून लोक फसले. पिन फक्त पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही. भामटे "तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणायचे आणि पैसे मागायची रिक्वेस्ट पाठवायचे, माणूस पिन टाकायचा आणि खातं साफ. वर्षानुवर्षं जाहिराती, मेसेज, बँकेत पोस्टर. शेवटी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं काय केलं, १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसानं माणसाकडे अशी पैसे मागायची रिक्वेस्ट पाठवायची सोयच बंद केली. सूचना लिहून लिहून थकल्यावर दारच बुजवलं. तुझ्याही सॉफ्टवेअरमध्ये अशी दोन-तीन दारं असतील जी कोणी वापरत नाही आणि चुकून उघडली की फोन येतो. बुजव.

मग कागदावर काय ठेवायचं? जे वर्षातून एकदा होतं ते, कारण त्याची सवय कधी लागतच नाही. ३१ मार्चची वर्षअखेर, बॅकअप परत आणणं, नवीन कॉम्प्युटरवर चढवणं. ते पायरी पायरीनं लिही, आठ-दहा पानं, मालकाकडे दे. आणि जे स्क्रीनचं नाही, धंद्याचं आहे, म्हणजे उधारीवर व्याज कधीपासून लावायचं, परत आलेल्या मालाचं काय, तेही लिही. काउंटरवर एकच कार्ड, लॅमिनेट करून, दोरीनं बांधून, नाहीतर जातं. त्यावर फक्त तीन गोष्टी, प्रिंटर अडकला तर, नेट गेलं तर, लाईन गेली तर. टेंडरमध्ये किंवा पतसंस्थेच्या ठरावात "युजर मॅन्युअल तीन प्रती" लिहिलं असेल तर गुपचूप देऊन टाक, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, ऑडिटला लागतं. व्हिडिओचं म्हणशील तर दीड मिनिटाचे आणि एका कामाचा एक असे काढ, पण ते गोल केलेल्या वाक्यांवर पांघरूण घालायला नको.

लाईन जाण्यावरून आठवलं. मळलेल्या मॅन्युअलची पाठ मी विसरलो नव्हतो. दिवाणजींना कोरा कागद पाहिजे होता हे त्यांनी मला न सांगता सांगितलं होतं. मग मी स्क्रीनसारखेच रकाने असलेलं पॅड छापून दिलं, गाडी नंबर, गाव, नाव, भरली, रिकामी, त्याच क्रमानं, आणि सॉफ्टवेअरमध्ये "लाईन गेली होती तेव्हाची वजनं" असा वेगळा भाग केला जिथे ती भराभर चढवता येतात. आधी मॅन्युअलमध्ये "दर पाच मिनिटांनी सेव्ह करावे" होतं, ते काढलं आणि प्रत्येक रकान्याला आपोआप सेव्ह केलं, मशीन परत चालू झालं की जिथे होता तिथेच उघडतं. मी आजवर छापलेल्या कागदांत सगळ्यात जास्त खपलेला कागद म्हणजे ते पॅड.

आता हे सगळं कळणार कसं, तर दुकानात जाऊन बसायचं. शिकवायला नाही, बघायला. मागे स्टुलावर बस, हात मांडीखाली दाबून ठेव, कारण माऊस हिसकायची लय इच्छा होते, आणि तोंड बंद. नव्या पोराला म्हण, या काकांना दोन पाकिटं कापसाचं बियाणं आणि एक डीएपी, अर्धे नगदी अर्धे उधार, बिल कर. तो किती वेळा वळून तुझ्याकडे बघतो ते मोज. प्रत्येक वेळी वळला की तिथली स्क्रीन नापास. सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं याचा अभ्यास करणाऱ्या याकोब निल्सन यांनी २००० मध्ये लिहिलं होतं की पाच माणसं बसवून पाहिली तरी सुमारे ८५ टक्के अडचणी दिसतात. माझा अनुभव विचारशील तर तिसऱ्या दुकानातच लाज वाटायला लागते. फक्त पाचही जण तुझे मित्र किंवा कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटवाले नकोत, दोन जून-पोरं, एक दिवाणजी, एक मालक आणि एक मालकीण, कारण दुपारी जेवायच्या वेळेला गल्ल्यावर वहिनीच असतात आणि त्यांना कोणी कधी शिकवलेलं नसतं. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे वहिनींनीच मला सांगितलं की गिऱ्हाईक शोधायला आडनाव टाकायला लावता, पण गावात एकाच आडनावाची चाळीस घरं आहेत, आम्ही तर गाव आणि बापाचं नाव विचारतो. मी दहा वर्षं आडनावानं शोधायला लावत होतो!

क्रम असा ठेव. आधी १५ दिवस फोन रजिस्टर, फोन कोणाचा, कोणत्या स्क्रीनवर, काय करत होता. बहुतेक चार-पाच जागाच परत परत येतील. मग लाल गोल. मग दुकानात बसणं. जिथे तिन्ही जुळतात तिथून सुरुवात.

आणि एक, हे मी मार खाऊन शिकलोय. जे करायचं ते एप्रिल-मे मध्ये कर, पाऊस पडला की एक बटणसुद्धा इकडचं तिकडे करू नको, कितीही चांगलं केलं असलं तरी. एकदा मी ऐन नोव्हेंबरात, कापसाच्या गाड्यांची रांग रोडपर्यंत गेलेली असताना, "प्रिंट" आणि "नवीन गाडी" या दोन बटणांची जागा बदलली, कारण दिसायला बरं वाटत होतं. संध्याकाळपर्यंत एकेका गाडीच्या तीन-तीन पावत्या निघाल्या, कागद संपला, आणि दिवाणजींनी मला फोन न करता थेट मेन स्विच बंद करून पॅड काढलं.